हवामानाचा फेरा : निसर्गाचा किती आणि मनुष्याचा किती?

गेल्या चैत्रांत एके सायंकाळीं आम्ही ओसरीवर पंचांग चाळीत बसलों असतां आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. वय पंचेचाळिशीच्या पुढें, गांवाच्या पूर्वेस सहा एकर जमीन. चहा झाला, मुलांबाळांची विचारपूस झाली आणि मग तो अगदीं सहज म्हणाला, "गुरुजी, डाळिंबाची बाग काढून टाकली. तुम्हीच सातवीत शिकवलं होतं, दुष्काळाचं बारा वर्षांचं चक्र असतं. एक येऊन गेला की पुढं दहा-बारा वर्षं भ्यायचं कारण नाही. २०१२ चा दुष्काळ सरला आन् त्या हिशेबानं मी कर्ज काढून बाग लावली. मग २०१५ आलं, मग २०१८. टँकरचं पाणी घालून इतकी वर्षं कशी तरी धरली, आता नाही जमत."

त्याच्या बोलण्यांत रागाचा लवलेश नव्हता, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. तें वाक्य आमचेंच होतें. कोणत्याही क्रमिक पुस्तकांत तें नव्हतें. आमच्या वडिलांच्या ओट्यावर ऐकलेलें, आम्हीं फळ्यासमोर उभे राहून पुढें चालविलेलें.

त्याच रात्रीं पंगतींत आमच्या धाकट्या बंधूंनीं चौथ्या बोअरचा विषय काढला. तिसरें सहाशें फुटांवर कोरडें गेलें होतें. "दादा, हा निसर्गाचा फेरा आहे. एकदां चांगला पाऊस झाला कीं सगळें भरून येईल. तोंवर एक बोअर घेऊं," असें त्यांचें म्हणणें. पुण्यास शास्त्रशाखेंत शिकणारा आमचा नातू सुटीवर आला होता. तो ताडकन् म्हणाला, "आजोबा, फेरा वगैरे कांहीं नाहीं. हें सगळें माणसानें केलेलें आहे." दोघांचीं तोंडें दोन दिशांस झालीं. सूनबाईंनीं ताक वाढावयास घेतलें म्हणून वाद तेवढ्यावर राहिला. आम्हीं दोघांसही सांगितलें कीं, विषय समजावून घेतल्याशिवाय आम्ही कोणाच्याही बाजूनें बोलणार नाहीं. पुढील तीन महिन्यांत जें वाचलें व विचारून घेतलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम आमचें गांव. पुणें-नगर रस्त्यावरील, पारनेर तालुक्यांतील हें सुपा. शहाजीराजांच्या जहागिरींतील सुपें तें बारामतीकडील. लग्नाच्या पत्रिका कित्येकदां तिकडे जातात. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी एस्. टी. च्या थांब्यावर अजून नगरच ऐकूं येतें. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपला भार उतरवितात आणि उरलेसुरलें आमच्याकडे येतें. कोकणांत पडणाऱ्या पावसाचा जेमतेम पांचवा हिस्सा आमच्या वांट्यास येतो. हें दारिद्र्य कोणाच्या पापाचें फळ नव्हे. सह्याद्रि मनुष्याच्या आधींपासून तेथें उभा आहे.

खुद्द हा काळा खडकच हवामानाच्या इतिहासाचें पहिलें पान आहे. सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनची भूमि फाटून तप्त रसाचे थरांवर थर वाहिले. त्यांपैकीं आजही सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे. त्या उद्रेकांतून निघालेल्या गंधकाच्या वायूनें कांहीं काळ थंडी पडली असावी आणि कर्बवायूनें दीर्घकाळ उष्णता वाढली असावी, असें भूशास्त्रज्ञ मानतात. पुढें ह्याच खडकानें उलट कामही केलें. पावसाचें पाणी हवेंतील कर्बवायु घेऊन खडकावर पडतें, खडक झिजतो, आणि तो कर्ब क्षारांच्या रूपानें समुद्राच्या तळाशीं जाऊन बसतो. मात्र ह्या व्यवहारास लाखों वर्षें लागतात. निघोजच्या मळगंगेस जाणाऱ्या मंडळींनीं कुकडीच्या पात्रांतील रांजणखळगे पाहिलेच असतील. पाण्यानें गोटे फिरवून फिरवून दगडांत रांजण कोरले आहेत. निसर्गाच्या घाईची मर्यादा समजण्यास त्याहून चांगली शाळा नाहीं. त्याच कुकडीच्या वरच्या अंगास, जुन्नर तालुक्यांतील बोरी येथें, नदीच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर सांपडला. ती राख दूर सुमात्रांतील तोबा नामक ज्वालामुखीची, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. ती ७४ हजार वर्षांपूर्वींच्या महास्फोटाची कीं त्याहून जुन्या एखाद्या स्फोटाची, ह्यावर मात्र त्यांचा वाद आहे.

ह्याहून अलीकडचा साक्षीदार खानदेशांत भेटतो. चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें डॉ. साळी ह्यांनीं केलेल्या उत्खननांत शहामृगाच्या अंड्यांचीं कवचें निघालीं. त्यांतील एकावर मनुष्याच्या हातानें रेघांची नक्षी कोरलेली आहे. काळ सुमारें २५ हजार वर्षांपूर्वींचा. शहामृग हा कोरड्या, उघड्या गवताळ रानाचा पक्षी. तेव्हां त्या वेळीं महाराष्ट्रांत आजच्याहून कमी पाऊस होता, हें ओघानेंच आलें.

आणि मग इनामगांव. घोड नदीच्या कांठीं, शिरूर तालुक्यांत. सुप्याहून सकाळीं निघून दुपारच्या जेवणास परत यावें इतकें जवळ. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृति पंडितांनीं १९६८ सालापासून पुढें कित्येक वर्षें तेथें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं १६०० च्या सुमारास तेथें शेतकरी येऊन राहिले. पुढील कांहीं शतकांत त्यांनीं ऐसपैस चौकोनी घरें बांधलीं, सातू पिकविला, पुराचें पाणी अडविण्यास बांध घातला व पाट काढला. इसवी सनापूर्वीं १००० च्या पुढें मात्र चित्र पालटतें. चौकोनी घरें जाऊन लहान गोल झोंपड्या येतात, शेती आटते, शिकार व गुरें ह्यांवर भर वाढतो आणि ७०० च्या सुमारास गांव उठून जातें. आमच्याच जिल्ह्यांतील प्रवरेकांठचें दायमाबाद ह्याच्या पूर्वींच ओस पडलें होतें. ढवळीकरांनीं ह्याचें कारण पाऊसमान घटणें हें दिलें. सर्व विद्वानांस तें पुरतें मान्य नाहीं, आणि त्यांच्या शंकेस आधारही आहे. बुलढाणें जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या तळाचा गाळ तपासून २०१४ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत मध्य हिंदुस्थानांतील दीर्घ अवर्षणाचे दोन काळ दिसले : एक आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वींचा व दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वींचा. इनामगांवच्या पडतीचा काळ ह्या दोहोंपैकीं एकांतही बसत नाहीं. तरीही एवढें खरें कीं, कोळशाचा धूर नव्हता, कारखाना नव्हता, आणि तरी महाराष्ट्राचें पाऊसमान शतकेंच्या शतकें फिरत होतें. येथवर आमच्या बंधूंचा पक्ष बळकट झाला.

परंतु फिरत होतें तें कशानें? येथें आम्हांस लोकमान्यांच्या ग्रंथाची आठवण झाली. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आर्क्टिक होम इन् दि वेदाज्' ह्या ग्रंथांत त्यांनीं हिमयुगांस एक सबंध प्रकरण दिलें आहे. क्रोल नामक स्कॉच पंडितानें पृथ्वीच्या कक्षेवरून हिमयुगांचें गणित मांडलें होतें. त्याप्रमाणें शेवटचें हिमयुग ८० हजार वर्षांपूर्वीं संपावयास हवें. लोकमान्यांनीं तें गणित बाजूस ठेवून, हिमयुग संपून दहाएक हजार वर्षेंच झालीं असें म्हणणाऱ्या अमेरिकन भूशास्त्रज्ञांची बाजू घेतली. आर्यांचें मूळ वसतिस्थान ध्रुवाजवळ होतें हें त्यांचें अनुमान आज विद्वान मानीत नाहींत, पण ह्या एका बाबतींत त्यांची निवड बरोबर ठरली. क्रोलची चूक गणिताच्या तपशिलांत होती. कल्पना खरी होती. ती मिलांकोविच ह्या सर्बियन गणितज्ञानें पुरी केली. पहिल्या महायुद्धांत शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून तो स्थानबद्ध होता. तशा स्थितींतही बुडापेस्टच्या ग्रंथालयांत बसून त्यानें आंकडेमोड चालविली. पृथ्वीची कक्षा सुमारें १ लाख वर्षांत कमीजास्त लंबवर्तुळ होते, तिच्या आंसाचा कल ४१ हजार वर्षांत थोडा वाढतो व घटतो, आणि तो आंस सुमारें २६ हजार वर्षांत एक फेरी घालतो. १९७६ सालीं समुद्रतळाच्या गाळांत हीं आवर्तनें प्रत्यक्ष सांपडलीं आणि वाद मिटला.

ह्यांतील तिसरी गति आमच्या ज्योतिषांत अयनचलन म्हणून परिचित आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत नोंदलें आहे कीं, पूर्वींच्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषेच्या मध्यापासून सांगितलें असून आपल्या काळीं तें कर्केच्या आरंभीं होतें. ह्या गतीमुळें नक्षत्रें ऋतूंच्या मानानें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस पुढें सरकतात. म्हणजे वराहमिहिराच्या काळीं मृग नक्षत्र ऋतुमानानें आजच्यापेक्षां सुमारें तीन आठवडे आधीं लागत असे. "मृग पूर्वींसारखा राहिला नाहीं" हें म्हणणें त्या अर्थीं खरें आहे. पण एका मनुष्याच्या जन्मांत तो फरक एका दिवसाचा. आमच्या आईची तक्रार त्यानें सुटत नाहीं.

त्याच गतीचा पावसावरील परिणाम मात्र मोठा आहे. हल्लीं पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत असते आणि सर्वांत दूर जुलैच्या आरंभीं. अंतरांत सुमारें ५० लाख किलोमीटरचा फरक पडतो. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीं ह्याच्या उलट होतें. उन्हाळ्यांतच सूर्य जवळ, त्यामुळें भूमि अधिक तापे, समुद्रावरील वारे अधिक जोरानें आंत येत आणि पाऊस भरघोस पडे. आज जेथें सहाराची वाळू आहे तेथें त्या काळीं सरोवरें होतीं. तेव्हांपासून ही उन्हाळी उष्णता हळूहळू उतरत आली आहे. हा खरा निसर्गाचा फेरा. पण त्याचें एक पाऊल हजार वर्षांचें असतें.

मग आमचें बारा वर्षांचें चक्र? तें निव्वळ कल्पित. १९७२ चा दुष्काळ आम्हांस चांगला आठवतो. आम्ही तेव्हां तेरा वर्षांचे होतों. आईबरोबर खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या वर्गमित्रांच्या हातांचे फोड, शाळेंत मिळणारी सुकडी आणि रेशनवरील तांबडा मिलो. ती मिलोची भाकरी आमच्या आजीनें आयुष्यांत दुसऱ्यांदा कधीं केली नाहीं. त्यानंतर १९८७, २००२-०३, २०१२, २०१५, २०१८. ह्यांत बारांचा पाढा कोठें बसतो, तें वाचकांनींच पाहावें. १८७७ आणि १९७२ ह्या दोन्ही सालीं पॅसिफिक महासागराचें पाणी पेरू देशाच्या बाजूस नेहमींपेक्षां पुष्कळ तापलें होतें. तेथील कोळी ह्यास 'एल निनो' म्हणतात. बालयेशूच्या सणाच्या सुमारास तें जाणवतें म्हणून. तें दोन ते सात वर्षांनीं, अनियमितपणें येतें. १८९९ च्या भीषण दुष्काळानंतर, १९०४ सालीं, गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती हिंदुस्थानच्या वेधशाळांचा प्रमुख झाला. पाऊस आधीं कसा ओळखावा ह्या एका प्रश्नापायीं त्यानें जगभरचे आंकडे जमविले, आणि १९२४ पर्यंत त्यास दिसून आलें कीं, हिंदी महासागर व पॅसिफिक ह्यांवरील हवेचा दाब तागडीच्या दोन पारड्यांप्रमाणें वरखालीं होतो. १९७२ सालीं आमचें रान जाळणारें कारण पेरूच्या किनाऱ्यावर होतें! तें दोलन आहे, बदल नव्हे. नातवास आम्हीं सांगितलें कीं, १९७२ चा दुष्काळ मनुष्याच्या माथीं मारतां येणार नाहीं. तो थोडा हिरमुसला.

परंतु त्याचा पक्ष पुढें उभा राहतो. पृथ्वीभोंवतीं हवेचें पांघरूण आहे, ही कल्पना फूर्ये ह्या फ्रेंच गणितज्ञाची, १८२४ ची. सूर्यप्रकाशांत ठेवलेल्या नळ्यांपैकीं कर्बवायूची नळी सर्वांत अधिक तापते, हें यूनिस फूट ह्या अमेरिकन बाईंनीं १८५६ सालीं प्रयोगानें दाखविलें. १८५९ पासून टिंडलनें त्याचें बारकाईनें मापन केलें. आणि १८९६ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं मुंबईंत प्लेग शिरला व दख्खनेंत पाऊस बुडाला त्याच वर्षीं, स्वीडनमधील अऱ्हेनियसनें गणित करून सांगितलें कीं, हवेंतील कर्बवायु दुप्पट झाल्यास पृथ्वी पांच-सहा अंशांनीं तापेल. थंडीनें गारठलेल्या देशांतील त्या गृहस्थास ही गोष्ट इष्टच वाटली होती! आजचे शास्त्रज्ञ हा आंकडा कांहींसा कमी धरतात, पण दिशा तीच.

अंटार्क्टिकच्या बर्फांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब मिळाला आहे. हिमयुगांत कर्बवायु दर दहा लाख भागांत १८० च्या आसपास, उष्णकाळांत २८० ते ३०० पर्यंत. त्यापलीकडे तो कधीं गेला नाहीं. १९५८ सालीं कीलिंगनें हवाई बेटावर मोजणी आरंभिली तेव्हां तो ३१५ होता. आज ४२० च्या वर आहे.

आतां न्यायशास्त्राचा प्रश्न येतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. घटाची माती वाहून आणणारें गाढव घटाच्या आधीं असतेंच, पण आमचे नैयायिक त्यास अन्यथासिद्ध म्हणून बाहेर काढतात. आमच्या गांवांतही असें एक गाढव आहे : डोंगरावरील पवनचक्क्या ढग हांकलून लावतात, असें कित्येकजण शपथेवर सांगतात. पातीं फार तर शंभर-सव्वाशें मीटरवर फिरतात, पावसाचे ढग त्याच्या कित्येक पट उंच. आणि पवनचक्क्या येण्यापूर्वींचा १९७२ आम्हीं पाहिला आहे.

सूर्य तापला असेल काय? १९७८ पासून उपग्रहांनीं सूर्याचें तेज मोजलें जातें. अकरा वर्षांच्या आवर्तनांत तें हजारांत एक भाग वरखालीं होतें, वाढ नाहीं. शिवाय सूर्य तापता तर हवेचे खालचे व वरचे दोन्ही थर तापते. प्रत्यक्षांत खालचा थर तापत असून वरचा निवत आहे. जाड पांघरुणाखालीं असेंच व्हावयाचें. ज्वालामुखी? १९९१ चा पिनातूबो पृथ्वीस सुमारें अर्धा अंश थंड करून दोन-तीन वर्षांत विसरला गेला. कक्षेचा फेरा? तो तर निवण्याच्या दिशेचा. आणि हवेंतील जादा कर्ब कोळशा-तेलाचाच कशावरून? येथें आम्हांस खरा आनंद झाला. इनामगांवचें वय ज्या किरणोत्सारी कर्बावरून काढलें, तोच येथें साक्षीस येतो. जिवंत झाडांत तो असतो; कोट्यवधि वर्षें पुरलेल्या कोळशांत उरत नाहीं. हान्स झ्यूस ह्यानें १९५५ सालीं जुन्या व नव्या लांकडांची तुलना केली, तों नव्या लांकडांत त्याचें प्रमाण घटलेलें आढळलें : कोळशाचा मृत कर्ब हवेंत मिसळला होता. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही जुळले. गेल्या दीडशें वर्षांतील तापमानाची वाढ मनुष्याची आहे, हें मान्य करण्यावांचून आम्हांस गत्यंतर उरलें नाहीं. नातवाचें अंग पुन्हां सरळ झालें.

आमच्या देशाचें काय? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं संपादिलेला सरकारी अहवाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें १९०१ ते २०१८ ह्या काळांत हिंदुस्थानचें सरासरी तापमान सुमारें ०.७ अंशानें वाढलें. १९५१ ते २०१५ ह्या काळांत पावसाळ्याचा पाऊस सुमारें ६ टक्क्यांनीं घटला. त्याचें एक मोठें कारण कर्बवायु नसून धूर व काजळी, जी भूमीवर पडणारें ऊन अडविते आणि वाऱ्यांचा जोर कमी करते. तीही मनुष्याचीच. त्याच वेळीं, दिवसांत १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस मध्य हिंदुस्थानांत सुमारें ७५ टक्क्यांनीं अधिक वेळां होऊं लागला. हवा एक अंश तापली कीं सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरते. ती जमिनीपासून अधिक शोषते आणि सोडते तेव्हां एकदम सोडते. आमच्या विद्यार्थ्याच्या बागेवर हेंच ओढवलें : फुलोऱ्यांत ओढ, आणि फळ धरल्यावर एका रात्रींत वावर वाहून जाणें.

दोष वांटतांना एक गोष्ट विसरूं नये. एका अमेरिकन माणसामागें वर्षास सुमारें चौदा टन कर्बवायु निघतो, आपल्याकडे दोन टनांच्या आसपास. मात्र आमच्या गांवाबाहेर औद्योगिक वसाहत आहे, आमचा पुतण्या तेथेंच नोकरीस आहे, आणि आमच्या घरांतील विजेचा मोठा भाग कोळशाचाच. तेव्हां आम्ही फार मोठ्यानें बोलत नाहीं.

राहिलें बोअर. तें ना निसर्गाच्या फेऱ्याचें, ना अऱ्हेनियसच्या वायूचें. ह्या काळ्या खडकांत पाणी मुरतें तें वरच्या कुजलेल्या थरांत व भेगांत. सहाशें फुटांवर जें लागतें तें फार हळूहळू सांचलेलें असतें. एका चांगल्या पावसानें तें भरून येत नाहीं, हें आम्हीं बंधूंस खडू घेऊन ओसरीच्या फरशीवर काढून दाखविलें. आमच्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजारास पावसाळा संपला कीं गांवकरी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडतात आणि त्यावरून रब्बीचीं पिकें ठरवितात. शेतीसाठीं बोअर घेण्यास तेथें बंदी आहे. वैशाखांत आम्ही, बंधु आणि तो विद्यार्थी असे तिघे तेथें जाऊन आलों. परततांना बंधु बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दादा, बोअरचे पैसे आजोबांच्या विहिरीचा गाळ काढायला लावूं." गाळ निघाला तो अठ्ठावीस ट्रॅक्टर.

विद्यार्थ्यानें बागेच्या जागीं ज्वारी व हरभरा धरण्याचें ठरविलें. त्याचें कर्ज मात्र अजून फिटावयाचें आहे. आम्हीं त्याची क्षमा मागितली तेव्हां तो संकोचून उठूनच गेला. जातांना नातवानें त्यास एक प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक दिला. तसाच दुसरा आमच्या अंगणांत आहे, आणि त्याची वही आमच्याकडे. जूनच्या ९ तारखेस आमच्या मापकांत पहिलें पाणी जमलें, ११ मिलिमीटर. रात्रीं विद्यार्थ्याचा फोन आला. त्याच्या वावरांत चार. दोहोंमधील अंतर तीन मैल.